अकरा ढगाळ संध्याकाळी

माझी दुर्बीण दादाने केली. अंबरनाथजवळच्या मोरिवलीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे स्वतःची दुर्बीण होती हे आज सांगितलं तरी लोकांना थाप वाटते, तेव्हाही वाटायची. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आरशांच्या कारखान्यात कामाला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. पुढच्या बाजूला काचा कापायच्या, मधे कडा घासायच्या आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत काचेवर चांदीचं पाणी ओतून आरसे करायचे. त्यांचा सिंधी शेठ वयाने बापासारखा, पण दादाला मानाने 'साईं' म्हणायचा, कारण कपाटाएवढी काच एकट्याने उचलून तिला नखभर ओरखडा न पडू देणारा त्या शेडमध्ये हा एकच होता. दादाचे हात मोठे होते आणि बोटांची टोकं कायम चांदीच्या डागांनी काळी असायची. आई म्हणायची, याच्या हाताला यश आहे.

शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायला चाफेकर बाई होत्या. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका खोलीत एकट्या राहायच्या, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्यावरून गावाला जे बोलायचं ते गाव बोलून थकलं होतं. बाईंना ताऱ्यांचं वेड होतं. काही तारे कमीजास्त उजळतात, त्यांच्याकडे रोज बघून नोंद ठेवणारी माणसं जगभर असतात आणि त्यात अंबरनाथची चार पोरं का नसावीत, असा त्यांचा सरळ सवाल होता. चौघांना चार तारे वाटून दिले. तिघांना नुसत्या डोळ्यांनी दिसणारे मिळाले. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा दादा जेवत होता. त्याने विचारलं, सगळ्यांत अंधुक तारा बघायला काय लागतं? मी म्हटलं, आरशाची दुर्बीण. तो म्हणाला, आरसाच ना, मग करू की. म्हणून कुंभ राशीतला एक अंधुक, लालसर तारा माझ्या वाट्याला आला.

बाईंनी फळ्यावर त्याचं चित्र काढलं होतं. एक म्हातारा, फुगून अवाढव्य झालेला लाल तारा आणि त्याच्याभोवती फिरणारा एक लहानसा पांढरा तारा. आपल्या दुर्बिणीतून दोन दिसत नाहीत, एकच ठिपका दिसतो. पण तो लहानगा त्या मोठ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेतो, मधूनच भडकतो, आणि त्या जोडीने बाहेर फेकलेलं द्रव्य भोवती धुरासारखं पसरलेलं आहे, असं त्या म्हणाल्या. वर्गात कोणीतरी म्हणालं, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांसारखं. सगळे हसले, मीही हसले. पुढे मला अनेकांनी त्या ताऱ्याची आणि आमच्या घराची सांगड घालून दाखवली आहे. मला ती मान्य नाही. ताऱ्यांचा दोष नसतो, दादाचा होता.

आरसा घासायचं काम सुरू झालं ते होळीनंतर. दोन जाड गोल काचा घ्यायच्या, वीतभर रुंदीच्या. एक खाली, घराच्या मागच्या खळ्यात दगड भरून ठेवलेल्या पिंपावर खुंट्यांनी पक्की करायची. मधे ओली कुरुंदाची पूड टाकायची आणि दुसरी काच वरून पुढेमागे घासत पिंपाभोवती हळूहळू फिरायचं. घासता घासता वरची काच आपोआप खोलगट होते आणि खालची तेवढीच फुगते. वरचीचा आरसा होतो. खालची मग कशाच्या उपयोगाची नसते. पूड आधी जाडी, मग बारीक, मग आणखी बारीक. दर खेपेला सगळं धुवायचं, कारण जाड्या पुडीचा एक कण जरी बारकीत शिरला तरी महिन्याचं काम फुकट. दादा सात वेळा हात धुवायचा, नखं दातणाने घासायचा, माझी नखं तपासायचा. कामावरून सायकल हाणत आलेला माणूस, पण तासभर पिंपाभोवती फिरायचा आणि घासण्याचा तो खर्रखर्र आवाज रात्री आठच्या कारखान्यांच्या भोंग्यापर्यंत चालायचा. रविवारी सकाळी तो उल्हासनगरहून दाल-पकवान आणायचा आणि पकवानाचा मोठा तुकडा मला द्यायचा. मला जगात त्याच्याइतकं कोणी आवडत नव्हतं.

वैशाखात त्याचं लग्न झालं. वहिनी बारवी धरणाच्या अलीकडच्या एका पाड्यातली, सुमन नाव, वय एकोणीस. तिचे वडील भातशेती करायचे आणि दोघे भाऊ जंगलात लाकूडतोडीला जायचे. चौथीपर्यंत शिकली होती. ती आल्यावर आमच्या स्वयंपाकघराचा वासच बदलला. वालाच्या बिरड्यात ती ओलं खोबरं भरपूर घालायची, सुकटीची चटणी पाट्यावर वाटायची आणि तांदळाची भाकरी दोन्ही हातांवर नाचवत एवढी पातळ थापायची की आई मनातून जळायची. मला ती 'वन्सं' म्हणायची. पंधरा वर्षांच्या परकरी पोरीला अहोजाहो करणारी ती पहिलीच. मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पहिली थप्पड माझ्या आरशासाठी पडली. श्रावणात काम पडवीत आणलं होतं आणि आता शेवटचं, डांबरावर तांबडी पूड लावून चमक आणायचं चाललं होतं. दादा पाणी प्यायला आत गेला आणि वहिनीने, तिला बिचारीला काय ठाऊक, पडवी झाडली. दादा परत आला, चार हात मारले आणि थांबला. काच उचलून उजेडात धरली. मधोमध केसासारखा एक ओरखडा. त्याने काच जपून फडक्यावर ठेवली, फडकं वरून झाकलं, हात धुतले, पुसले आणि मग वहिनीच्या तोंडात मारली. ती भिंतीवर आपटली. मी खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, त्या क्षणी मला वहिनीचा राग आला होता. माझा आरसा तिने बिघडवला होता. ओरखडा काढायला दादाला पंधरा दिवस पुन्हा घासावं लागलं आणि ते पंधरा दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही.

नंतर कारणांना तोटा राहिला नाही. आमटी अळणी, सदरा ओला, माहेराहून यायला एक दिवस उशीर, दारातून जाणाऱ्या कोणाकडे बघितलं. दादा दारू पीत नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना दारूचं नाव ऐकलं की हायसं वाटतं. तो शुद्धीत मारायचा, हात धुऊन मारायचा. एकदा पितळेच्या तांब्याने खांद्यावर. एकदा केसांना धरून उंबऱ्यावरून ओढत नेलं तेव्हा तिच्या बांगड्या फुटून मनगटातून रक्त आलं आणि ओटीवर त्याची रेघ उमटली. ती रेघ तिनेच पुसली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, बहुधा दुसऱ्या पाळीला कारखान्यात असायचे. असले तरी खाकरून बाहेर जायचे. आई रेडिओ मोठा करायची. एखाद्या दिवशी भलत्या वेळी रेडिओ मोठ्याने लागला की शेजारच्या काकू आपल्या खिडकीचं दार लोटून घ्यायच्या, इतका तो सगळ्यांना ठाऊक झाला होता. वहिनी ओरडायची नाही. तिचा आवाज आला तर तो फक्त श्वासाचा यायचा, जड ओझं उचलताना येतो तसा.

दसऱ्यापर्यंत आरसा तयार झाला. दादाने कॅम्प दोनमध्ये नेऊन त्यावर स्वतः चांदी चढवली. अण्णांनी कारखान्यातून पुठ्ठ्याचं जाड नळकांडं आणलं, बाईंनी बघायचं भिंग दिलं. खालची फुगलेली काच आईने काचेच्या बरणीत मिठातल्या कैऱ्यांवर दाबण म्हणून ठेवली. खळ्यात दुर्बीण उभी राहिली आणि त्या पहिल्या संध्याकाळी दादाने मला खांद्याला धरून भिंगापाशी आणलं आणि म्हणाला, "बघ. तुझा तारा." बारीक, विझत्या विडीच्या टोकाएवढा तांबूस ठिपका होता. मी रडले. दादाच्याही डोळ्यांत पाणी आलं.

नोंद करायची पद्धत बाईंनी पक्की घोटून घेतली होती. आसपासच्या ताऱ्यांचं तेज ठाऊक असतं. आपला तारा याच्याहून उजळ, त्याच्याहून अंधुक, असं ताडून आकडा लिहायचा. बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद बांधायचा, म्हणजे डोळे दिपत नाहीत. लाल ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. बघत राहिलं की तो आहे त्याहून उजळ दिसायला लागतो, डोळ्यांचा स्वभावच तसा आहे. झटकन बघायचं आणि नजर काढायची. आणि सगळ्यांत मोठा नियम होता, "दिसलं ते लिहा. दिसलं नाही तर का दिसलं नाही ते लिहा." वही सोमवारी त्यांच्याकडे जायची.

कुंभ राशी त्या दिवसांत संध्याकाळी सात-साडेसातला दक्षिणेकडे चांगली वर आलेली असे. दादा घरी यायचा तो त्याच वेळेला. स्वयंपाकघराची मागची खिडकी खळ्यावर उघडायची. मी भिंगाला डोळा लावलेला असायचा आणि आतून भांडं पडल्याचा, मग रेडिओ मोठा झाल्याचा आवाज यायचा. माझा कान खिडकीकडे लागायचा, ठिपका भिंगातून निसटायचा आणि काही केल्या ताडता यायचं नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पेन्सिल घेऊन किती वेळ बसले. का दिसलं नाही ते लिहा. वही बाई वाचणार. बाईंना काय लिहू, की मला दुर्बीण करून देणारा माझा भाऊ आत बायकोला लाथा घालतोय? मी लिहिलं, 'ढगाळ'. वर आकाशात एवढासाही ढग नव्हता. दुसऱ्यांदा लिहिताना हात अडखळला नाही. कार्तिक संपेपर्यंत माझ्या वहीत अकरा ढगाळ संध्याकाळी जमल्या.

मार्गशीर्षातल्या पहिल्याच सोमवारी शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. टेबलावर चौघांच्या वह्या उघड्या होत्या. त्यांनी माझ्या ढगाळ तारखा एकेक करून बाकीच्या वह्यांत दाखवल्या. बदलापूरच्या मुलाने स्वच्छ लिहिलं होतं, स्टेशनजवळच्या दोघांनी स्वच्छ लिहिलं होतं. मोरिवलीवर तेवढा ढग कसा येतो, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मी म्हटलं, कारखान्यांचा धूर येतो. बाईंनी वह्या मिटल्या. मग म्हणाल्या, एक दिवस येते, धूर बघायला.

त्या दोनच दिवसांनी आल्या, संध्याकाळी सातला. धूर नव्हता. दादा वेळेवर घरी आला, बाईंना खुर्ची दिली, नळकांड्यातून आरसा काढून दाखवला, चांदी कशी चढवतात ते समजावलं. बाईंनी आरशाचं मनापासून कौतुक केलं. मुंबईतही असा आरसा मिळत नाही, म्हणाल्या. दादाचं तोंड उजळलं. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. पदर कपाळावर ओढून घेतलेला होता, पण कप पुढे करताना मान वर झाली आणि कंदिलाच्या उजेडात तिच्या गालावरचा चार दिवसांपूर्वीचा हिरवा-पिवळा वळ दिसला. बाईंनी कप घेतला. चहा पूर्ण प्यायल्या. वहिनीला म्हणाल्या, चहा छान झालाय, नाव काय तुमचं? तिने सांगितलं, सुमन. एवढंच झालं. बाई गेल्या आणि त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत दादा अंगणात हसत उभा होता.

मी खळ्यात दुर्बिणीपाशी गेले. आत दादाचा आवाज चढला नाही, तो कधीच चढायचा नाही. बाहेरच्या माणसांपुढे तोंड दाखवत फिरतेस, एवढं मला ऐकू आलं. मग बरणीतून काहीतरी उचलल्याचा आवाज आला, काचेवर काच घासल्याचा, तो आवाज मला झोपेतही ओळखू आला असता. त्यानंतर एकच आवाज झाला, ओला आणि बोथट. रेडिओ लागला नाही. आई खाली बसली होती बहुतेक. मी खिडकीतून बघितलं. वहिनी चुलीपाशी कुशीवर पडली होती, डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं, आणि आडव्या झालेल्या बरणीतलं खारं पाणी, कैऱ्या आणि रक्त असं सगळं जमिनीवरून मोरीकडे वाहत होतं. दादाच्या हातात ती खालची काच होती. तो तिच्याकडे बघत नव्हता. अंगठ्याने काचेची कड चाचपत होता, टवका उडाला का ते बघायला.

मी धावत आत गेले नाही. मी लाल बॅटरी लावली आणि वहीत लिहिलं, 'सात वाजून पन्नास मिनिटे. आकाश स्वच्छ. दादाने वहिनीला काचेने मारले. तारा पाहिला नाही.' मग माझ्या तोंडून ओरडणं बाहेर पडलं आणि शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा खिडकी उघडली.

उल्हासनगरच्या दवाखान्यात अण्णांनी सांगितलं, सून मोरीत पाय घसरून बरणीवर पडली. हवालदार आला, त्याला वहिनीने स्वतः, अर्ध्या पट्टीखालच्या तोंडाने, पडले म्हणून सांगितलं, तो लिहून घेऊन गेला. डोळा गेलाच होता. पाच-सहा दिवसांनी तिला घरी सोडायचं ठरलं. तिला न्यायला दादा नवं लुगडं आणि सफरचंदं घेऊन आला. त्याच वेळी पाड्यावरून तिचे वडील आले, काटकुळे, डोक्याला टॉवेल बांधलेले. त्यांनाही तेच सांगण्यात आलं आणि लेकीने मान हलवली. वहिनीची ती मान हललेली मी बघितली आणि मला कळलं की ही आता घरी आली तर पुढच्या खेपेला दवाखान्यापर्यंत पोचणार नाही. माझ्या दप्तरात वही होती. मी सकाळीच बाईंना सगळं सांगून आले होते आणि त्या बाकीच्या तीन वह्या घेऊन माझ्यामागे उभ्या होत्या.

मी वही वहिनीच्या वडिलांच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी ती बाईंकडे दिली. बाईंनी शेवटची नोंद मोठ्याने वाचली. वॉर्डातल्या बायका कॉटवर उठून बसल्या. अण्णांनी वही ओढून घेतली आणि पानं उलटून म्हणाले, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, ही बघा, ऐन थंडीत ढगाळ, ढगाळ, ढगाळ लिहिलंय, हिच्या लिहिण्यावर काय विश्वास ठेवायचा?

वहिनीच्या म्हाताऱ्या बापाने माझ्याकडे बघितलं. "पोरी, हे ढग कुटनं आले?"

"ढग नव्हते," मी म्हटलं. "ज्या दिवशी दादा वहिनीला मारायचा त्या दिवशी मी ढगाळ लिहायची."

बाईंनी वही परत घेतली. मग एकेक तारीख त्या माझ्या वहीतून वाचत आणि बाकीच्या तिन्ही वह्या उघडून पुढचा शब्द वाचत. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. आणि मी सांगत होते, त्या दिवशी तांब्या. त्या दिवशी उंबऱ्यावरून ओढलं. त्या दिवशी पोटात लाथ. अकरा वेळा. आई खाली बघत होती. दादा सफरचंदांची पिशवी घेऊन खिडकीपाशी उभा होता. शेवटची तारीख झाल्यावर तो मला म्हणाला, "कुंदे, आरसा मी केलाय तुझा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार, त्यानेच केला होता.

"माझी पोर मी घरी नेतो," म्हातारा म्हणाला. "तुमच्या दारात ती आता येनार न्हाय." त्याने लेकीचं गाठोडं काखेत मारलं. दादाचं लुगडं कॉटवर तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे दोघे भाऊ आले. मी खळ्यातच होते. त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितलं, एकाने तर ताई म्हटलं. दादाला त्यांनी पडवीतून ओढून पिंपापाशी आणलं, आरसा घासायच्या पिंपावर एकाने त्याचा उजवा हात आडवा धरला आणि दुसऱ्याने कोयत्याची बोथट पाठ मनगटावर घातली, एकदा, दोनदा, तीनदा. हाड मोडल्याचा आवाज वाळकं लाकूड मोडावं तसा येतो. दादा किंचाळला. त्या घरात वहिनीने कधी काढला नव्हता तो आवाज त्याने काढला. आई कोयत्यापुढे लोटांगण घालत होती, अण्णा अंगणात थिजले होते. तेव्हा तुला बरं वाटलं असेल ना, असं पुढे एका मैत्रिणीने विचारलं. नाही वाटलं. माझं आरसा घासणाऱ्या त्या हातावर प्रेम होतं. ते दोघे गेल्यावर मी वही उघडली आणि लिहिलं, 'आकाश स्वच्छ. वहिनीच्या भावांनी दादाचा हात मोडला.' खाली ताऱ्याचा आकडाही लिहिला, कारण त्या दिवशी तो दिसत होता.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही हिवाळ्यात माझा तारा उजळायला हवा तेवढा उजळलाच नाही. मला वाटायचं, माझीच नजर बिघडली. खोटं लिहिणाऱ्याला खरं दिसत नाही असं काहीतरी मी मनाशी धरून बसले होते. खरी गोष्ट शास्त्रज्ञांनी पुढे मांडली. तो लहान पांढरा तारा आणि त्याच्याभोवतीचं धुळीचं कडं त्या काळात आपल्या आणि लाल ताऱ्याच्या मधे आलं होतं. ते चव्वेचाळीस वर्षांच्या आसपास एकदा येतं आणि मग काही वर्षं लाल तारा झाकोळलेला राहतो. म्हणजे माझे आकडे बरोबर होते. बाईंनी तर तेव्हाच सांगितलं होतं, दिसतंय तेच लिही. फक्त एक नियम त्यांनी माझ्यापुरता वाढवला. माझ्या वहीत 'ढगाळ' लिहिलं की शेजारी दुसऱ्या कोणाची तरी सही हवी.

दादाचा हात वाकडाच बसला. शेठने त्याला काढलं नाही, पण काचेला हात लावू दिला नाही. तो पुठ्ठ्याची खोकी बांधायचा. दुसरं लग्न केलं नाही, मिळालंही नसतं. माझ्याशी तो पुढची एकतीस वर्षं, मरेपर्यंत, एक अक्षर बोलला नाही. चांदीचा आरसा दोन-तीन वर्षांत काळवंडतो. माझा काळवंडला तेव्हा एका रविवारी तो नळकांड्यातून गायब झाला. आठवड्याने पिंपावर फडक्यात गुंडाळलेला सापडला, लख्ख, ओरखडा एकही नाही. डाव्या हाताने त्याने ते कसं केलं असेल, कोण जाणे. त्यानंतर तो जिवंत होता तोवर दर तिसऱ्या वर्षी असं होत राहिलं; हल्ली चांदी मी बाहेरून चढवून आणते. मी कधी आभार मानले नाहीत. त्याने ते मानू दिले नसते, आणि मला ते मानवलेही नसते. आजही तो आठवला की मी फार वेळ त्याच्याकडे बघत नाही. बघत राहिलं की तो उजळ दिसायला लागतो.

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी दुर्बीण वहिनीच्या पाड्यावर नेली. मोरिवलीच्या आकाशात आता काही उरलेलं नाही, आणि तिच्या अंगणात अजून काळोख आहे. काडीमोड होऊन तिला चार दशकं झाली, ती माझी कोणी लागत नाही, तरी मला वन्संच म्हणते. भावांच्या शेतात राबली, आता भाचे सांभाळतात. गेली काही वर्षं माझा तारा पुन्हा झाकोळला होता. पहिल्यांदा मी पंधराची होते, आता साठीच्या घरात आहे, आणि दोन्ही वेळा ती जवळ होती, तेव्हा खिडकीच्या आत, आता माझ्या शेजारी. तिने भिंगाला उजवा डोळा लावून बघितला आणि म्हणाली, एवढासा? याच्यापायी एवढं झालं?

त्या दिवशी धीर करून मी तिला चव्वेचाळीस वर्षं आत दाबलेलं सांगितलं. पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतं तर बाई तेव्हाच आल्या असत्या आणि तुझा डोळा राहिला असता. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"माला ठावं व्हतं तुमी ढग लिवता ते," ती म्हणाली. "घर झाडताना वही वाचायची मी. आकाशात ढग न्हाय आन् वन्सं ढग लिवतात. माला वाटायचं, वन्सं माझी लाज झाकतात. माझ्या बाजूचं एक मानूस हाय या घरात."

मी दादाची लाज झाकत होते. तिची नाही. हे मी तिला सांगितलं, शब्द न फिरवता सांगितलं. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. ती टम्म फुगली. मग ताटात वाढून ते माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, जेवा, निवंल.

गेल्या कार्तिकात एका संध्याकाळी माळशेजच्या बाजूने खरोखरच ढग चढून आले. बाई जाऊन वीस वर्षं झाली, वही तपासणारं कोणी नाही. मी अंगणात बसून लिहिलं, 'ढगाळ', आणि हाक मारली. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली. चष्मा लावला. मान मागे टाकून उजव्या डोळ्याने तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं आकाश नीट बघून घेतलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या शब्दाशेजारी चौथीतल्या अक्षरात आपलं नाव लिहिलं.